वाल्देमार हाफकिन : प्लेगची लस तयार करणारा संशोधक आणि आपल्या गोठ्यासाठी त्याचा धडा

मिरगाचा पाऊस जवळ आला की भंडारा जिल्ह्यात दोन कामांची घाई सुरू होते. एक म्हणजे धानाच्या पऱ्ह्यांची तयारी आणि दुसरे म्हणजे जनावरांचे लसीकरण. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव आणि आसपासच्या गावांत आजही बैलजोडी, दोन-चार गाई-म्हशी आणि शेळ्या हाच अनेक घरांचा आधार आहे. पावसाळ्यात घटसर्प किंवा फऱ्या आला तर सकाळी चरायला गेलेले जनावर दुसऱ्या दिवशी उठत नाही. ऐन रोवणीच्या तोंडावर बैल गेला तर त्या कुटुंबाचा पूर्ण हंगाम मागे पडतो.

तरीही लसीकरणाच्या दिवशी काही जण जनावर बांधावरच ठेवतात. लस दिल्यावर दूध कमी होते, गाठ येते, धडधाकट जनावराला सुई कशाला टोचायची, अशी कारणे ऐकू येतात. ही शंका नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत माणसांना प्लेगची लस देताना हेच प्रश्न विचारले गेले होते. ती लस ज्यांनी तयार केली त्या वाल्देमार हाफकिन यांचे आयुष्य जाणून घेतले, तर लस म्हणजे काय, ती कधी उपयोगी पडते आणि कुठे चुकते, हे चांगले समजते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ ते हेच.

विद्यार्थी असताना हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेले. ज्यूंवर हल्ले होऊ लागले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढतीचा रस्ता मोकळा झाला असता, पण त्यांनी ते नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि पुढच्या वर्षी पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती. मेचनिकोव्ह तेथे आधीच पोहोचले होते. हाफकिन यांना मात्र जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. पोटापाण्यासाठी पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जंतू कमजोर करून त्यापासून लस तयार करण्याचे शास्त्र पाश्चर यांनी आधी पशुपक्ष्यांवर सिद्ध केले. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा फाशी रोग या दोन रोगांवरील कामातून ते पुढे आले. कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूला आज पाश्चुरेला मल्टोसिडा म्हणतात. आपल्या गाई-म्हशींना घटसर्प होतो तो याच जातीच्या जंतूमुळे. पाश्चर यांच्या नावावरून पडलेल्या याच कुळात प्लेगच्या जंतूचीही पूर्वी अनेक वर्षे गणना होत असे. म्हणजे गोठ्यातली लस आणि माणसाची लस यांचे मूळ एकच आहे.

कॉलऱ्याची लस आणि भारतात आगमन

त्या काळी कॉलऱ्याने युरोप आणि आशियात थैमान घातले होते. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू गिनीपिग या प्राण्याच्या पोटात एकामागून एक वाढवत नेले आणि त्यांची तीव्रता ठरावीक पातळीवर आणली. उष्णता व हवा देऊन त्यांनी जंतूंचा कमजोर प्रकारही तयार केला. आधी कमजोर आणि मग तीव्र, अशा दोन मात्रा देण्याची त्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले.

लस खरोखर उपयोगी आहे का हे पाहायचे तर कॉलऱ्याच्या प्रदेशात जाणे भाग होते. पूर्वी भारताचे व्हाइसरॉय राहिलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्याला आले. पुढच्या अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारतात गावोगावी, छावण्यांमध्ये आणि चहाच्या मळ्यांत फिरून ४२ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

हे काम सोपे नव्हते. कलकत्त्याच्या एका झोपडपट्टीत लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. हाफकिन मागे फिरले नाहीत. लोकांसमोर त्यांनी आधी स्वतःला सुई टोचून घेतली आणि मग एकेक जण पुढे येऊ लागला. ज्याला लस घ्यायची आहे त्यालाच द्यायची, जबरदस्ती करायची नाही, हा त्यांचा नियम होता. याचा दुसरा फायदा असा झाला की एकाच वस्तीत लस घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही लोक राहत आणि त्यांची तुलना करता येत असे. आपण शेतात खताच्या प्रयोगासाठी एक वाफा खत न देता सोडतो, तसेच हे होते.

मुंबईतील प्लेग आणि तुपाच्या थेंबाखालचे जंतू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. मांडवी हा बंदराजवळचा धान्याच्या गोदामांचा भाग. धान्य तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे पिसवा. पिसवांमधून हा रोग पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. काम इतके जोखमीचे आणि ताणाचे होते की मदतनीस टिकत नसत.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो भरपूर प्रमाणात वाढवायचा कसा, हा पहिला प्रश्न होता. हाफकिन यांनी त्यासाठी मांसाचे पाणी वापरले. गाईचे किंवा डुकराचे मांस चालणार नाही, लोक लस घेणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बोकडाचे मांस निवडले. त्या पाण्यावर तुपाचे काही थेंब सोडले. तुपाच्या थेंबाखाली जंतूंचे तंतू झुंबरासारखे लोंबत वाढू लागले. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि थेंबाखाली पुन्हा नवे वाढत. असे काही आठवडे केल्यावर बाटलीत जंतूंचा दाट साठा तयार होई. मग तो तापवून जंतू मारून टाकायचे. हीच प्लेगची लस. कॉलऱ्याच्या लसीत जिवंत जंतू होते, प्लेगच्या लसीत मेलेले. घटसर्प व फऱ्यावर आपण जनावरांना देतो त्या लसीही मेलेल्या जंतूंच्याच असतात.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा बरेच कमी राहिले.

याच काळात पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरोघरी सोल्जर घुसवून झडत्या घेतल्या जात होत्या. त्या जुलमातून असंतोष पेटला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याआधी १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. रोग एकच होता, पण जबरदस्तीने लोक दूर गेले आणि विश्वासाने जवळ आले. आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला, त्याचा मोठा परिणाम झाला.

उंधेरा : एका शेतकरी गावातील प्रयोग

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा या गावात प्लेग आला. गावाची लोकसंख्या सुमारे हजार. हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबाला एकत्र बसवले आणि त्यातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. घर एक, चूल एक, पाणी एक, फरक फक्त लसीचा होता.

पुढे गावातील २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेले ६४ जण होते. त्यांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावले.

हे आकडे शांतपणे पाहा. लस घेऊनही ८ जणांना रोग झाला. म्हणजे लस म्हणजे शंभर टक्के कवच नव्हे. पण लस घेतलेल्यांत शंभरात चार आणि न घेतलेल्यांत शंभरात चाळीस, असा मृत्यूचा फरक पडला. एखाद्या गावात लस दिलेली म्हैसही आजारी पडली म्हणून लस बेकार, असे म्हणणारा माणूस फक्त ते ८ जण पाहतो, २६ जणांकडे पाहत नाही.

१८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. येथून देशभर आणि परदेशातही लस जाऊ लागली.

मुलकोवाल : एका बाटलीने घात केला

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. काही दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. फऱ्याचा जंतू त्याच कुळातला. तो बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे मातीत टिकतो. हा जंतू बाटलीत शिरला कुठे, हा प्रश्न होता. परळला बाटली भरताना की मुलकोवालला ती उघडताना?

सरकारने चौकशी आयोग नेमला. पंजाबची मोठी मागणी पुरी करण्यासाठी परळला लस तयार करण्याची पद्धत बदलली होती. पूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल मिसळत, नव्या पद्धतीत ते वगळून उष्णतेवर भर दिला होता. आयोगाने या बदलाकडे बोट दाखवले आणि जंतू परळलाच शिरला असावा, असा कल दिला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्या माणसाने दोन लसी स्वतःच्या अंगावर तपासल्या, त्याच्यावर १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला.

हाफकिन यांनी हार मानली नाही. त्यांनी चौकशीची कागदपत्रे बारकाईने तपासली. बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीतूनच पुढे आले होते. शिवाय ही बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते तर लसीला कुजकट वास आला असता. तसा वास बाटली उघडताना आल्याची नोंद नव्हती. १९०७ मध्ये मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रातून हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. अखेर त्यांच्यावरील ठपका दूर झाला आणि त्यांना पुन्हा भारतात नोकरी मिळाली.

पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले आणि माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या घेण्याची मुभाही राहिली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला परतले. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्यभराची कमाई त्यांनी ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. पुढे याच हाफकिन नावाखाली पोलिओची लस आणि सर्पदंशावरचे प्रतिविष महाराष्ट्राला मिळाले. धानाच्या बांधीत साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्याच्याशी हे नाव जोडलेले आहे.

आपल्या गोठ्यासाठी धडे

हाफकिन यांच्या आयुष्यातून पशुपालकांनी घेण्यासारख्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

• लस रोग येण्याआधी द्या. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत द्यावी. गावात जनावरे मरू लागल्यावर धावपळ करून पूर्ण फायदा मिळत नाही.

• जंतू आणि विषाणू यांत फरक ओळखा. घटसर्प व फऱ्या हे जंतूंचे रोग आहेत. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूंचे रोग आहेत. जंतूंवर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेत प्रतिजैविके देता येतात. विषाणूवर ती चालत नाहीत, तेथे लस हाच मुख्य उपाय आहे. प्रत्येक रोगाची लस वेगळी असते. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते.

• थोडा ताप, थोडी गाठ याला घाबरू नका. एक-दोन दिवस दूध कमी होऊ शकते. ते शरीर लसीला प्रतिसाद देत असल्याचे लक्षण आहे. गाठ मोठी होत गेली किंवा जनावर चारा सोडून बसले तर मात्र पशुवैद्यकांना बोलवा.

• सुई आणि बाटलीची स्वच्छता पाळा. मुलकोवालचा धडा हाच आहे. प्रत्येक जनावराला वेगळी किंवा निर्जंतुक केलेली सुई वापरली जाते का, ते पाहा. जमिनीवर पडलेली सुई पुसून वापरू देऊ नका. गोठ्याची जमीन म्हणजे माती आणि शेण, आणि धनुर्वाताचा जंतू तेथेच असतो.

• शीतसाखळी सांभाळा. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकुताच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फाच्या डब्यातून आणाव्या लागतात, पण त्या गोठू देऊ नयेत. उन्हात ठेवलेली लस टोचून उपयोग नाही.

• आजारी व अशक्त जनावर आधी दाखवा. जंतनाशक औषध लसीपूर्वी सुमारे १५ दिवस द्यावे. शेवटच्या महिन्यातील गाभण जनावराबाबत पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

• नोंद ठेवा. बाटलीवर क्रमांक होता म्हणूनच ५३-एनची चौकशी होऊ शकली. जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, लसीचे नाव, बाटलीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. काही बिघडले तर कारण शोधता येते.

• गोदाम व धानाची कोठी उंदरांपासून वाचवा. मुंबईचा प्लेग धान्याच्या गोदामांजवळ सुरू झाला. उंदीर फक्त धान खात नाहीत, लेप्टोसारखे रोगही पसरवतात. पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवा.

• सर्व गावाने मिळून लस घ्या. एका गोठ्यात लस आणि शेजारच्या गोठ्यात नाही, असे झाले तर रोगाला गावात जागा उरते. चराई एक, पाणवठा एक, तर लसीचा दिवसही एकच असावा.

आपल्या भागातील लसीकरणाच्या तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळी जनावरे चरायला न सोडता गोठ्यातच बांधून ठेवा.